शिक्षकाचं न बोललेलं मत

1831 च्या एप्रिलमध्ये कोलकात्याच्या हिंदू कॉलेजच्या व्यवस्थापक मंडळाने हेन्री डेरोझिओ या शिक्षकाला दूर करायचं ठरवलं. सतराव्या वर्षी तो तिथे इंग्रजी साहित्य आणि इतिहास शिकवायला लागला होता. आता त्याला बाविसावं लागलं होतं, आणि एवढ्या अवधीत शहरातल्या प्रतिष्ठित घरांमधली मुलं रूढींवर उघड प्रश्न विचारू लागली होती. पालक हवालदिल झाले. हा मास्तर मुलांना नास्तिक करतो, आईबापांचा मान ठेवू नका असं शिकवतो, अशा तक्रारी आल्या. कॉलेजचे व्हिजिटर, संस्कृतचे पंडित होरेस हेमन विल्सन यांनी त्याला पत्र लिहून या आरोपांचा खुलासा मागितला. डेरोझिओने दिलेलं उत्तर आजही शिक्षकाने वाचावं असं आहे. ईश्वराच्या अस्तित्वाबद्दल डेव्हिड ह्यूमच्या शंका मी मुलांपुढे ठेवल्या हे त्याने मान्य केलं. पण रीड आणि ड्युगाल्ड स्ट्युअर्ट यांनी त्या शंकांना दिलेली उत्तरंही मीच त्यांच्यापुढे ठेवली, असं त्याने बजावलं. नोकरी गेलीच. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पटकीने त्याचा मृत्यू झाला. पुढे त्याच्या विद्यार्थ्यांचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. कृष्णमोहन बॅनर्जी ख्रिस्ती होऊन धर्मोपदेशक झाले. रामतनू लाहिरी ब्राह्मो समाजात गेले आणि शिक्षक म्हणून नावाजले. प्यारीचाँद मित्रांनी बंगाली कादंबरीचा पाया घातला. रामगोपाल घोष व्यापारात शिरले आणि सभा गाजवू लागले. राधानाथ सिकदार सर्वेक्षण खात्यात गणित करत राहिले आणि एव्हरेस्ट हे जगातलं सर्वांत उंच शिखर असल्याचा हिशेब त्यांच्याच हातून झाला. एकाच शिक्षकाची ही मुलं, पण मतांच्या बाबतीत एकाचं तोंड पूर्वेला तर दुसऱ्याचं पश्चिमेला. पालकांना वाटत होतं तसं डेरोझिओने स्वतःचं मत त्यांच्यात ओतलं असतं, तर असं झालं नसतं.

शिक्षकाच्या वैयक्तिक मतांचा मुलांवर काय परिणाम होतो, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे अजूनही 1831 च्याच भीतीने होते. शिक्षक वर्गात कोणत्या पक्षाबद्दल बोलला, कोणत्या महापुरुषाबद्दल काय म्हणाला, धर्माचा विषय कसा काढला, यावरून तक्रारी होतात आणि खुलासे मागवले जातात. ही काळजी निराधार आहे असं मी म्हणत नाही. पण आजवरचं संशोधन पाहिलं, की आपण चुकीच्या मतांवर पहारा ठेवतो आहोत असं माझं ठाम मत होतं. शिक्षक जे मत मोठ्याने बोलतो त्याचा परिणाम आपण समजतो त्याहून कमी असतो. शिक्षक जे मत कधीच बोलत नाही, म्हणजे समोरच्या मुलाबद्दल, त्याच्या जातीबद्दल, मुलीच्या बुद्धीबद्दल मनात धरलेलं मत, त्याचा परिणाम खोल जातो आणि त्याविरुद्ध तक्रारही करता येत नाही, कारण ते कोणी ऐकलेलंच नसतं.

आधी बोललेल्या मतांचं पाहू. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात बेनिंग्टन हे मुलींचं कॉलेज 1932 मध्ये सुरू झालं. तिथल्या मुली सधन, परंपरानिष्ठ घरांतून आलेल्या आणि प्राध्यापक बहुतेक उदारमतवादी. थिओडोर न्यूकम या मानसशास्त्रज्ञाने या मुलींचा अनेक वर्षं अभ्यास केला. 1936 च्या अध्यक्षीय निवडणुकीत पहिल्या वर्षाच्या सुमारे 62 टक्के मुली रिपब्लिकन उमेदवाराच्या बाजूने होत्या. वरच्या वर्गांत हे प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपास उतरलं होतं. शिक्षक मुलांची मतं बदलतात याचा याहून मोठा पुरावा कोणता, असं कोणीही म्हणेल. पण न्यूकम तिथे थांबला नाही. कोणती मुलगी बदलली आणि कोणती नाही, हे त्याने तपासलं. ज्यांना त्या कॉलेजच्या समाजात आपलं स्थान हवं होतं, ज्यांच्या मैत्रिणी आणि आदर्श तिथे होते, त्या बदलल्या. ज्यांचं मन घरच्या माणसांत गुंतलेलं राहिलं, त्यांनी तीच व्याख्यानं ऐकली, परीक्षाही दिल्या, आणि जशा आल्या तशाच परत गेल्या. म्हणजे व्याख्यानातलं मत एकट्याने काम करत नव्हतं. ते एका लहानशा, दिवसरात्र एकत्र राहणाऱ्या समाजाचं मत झालं तेव्हा त्याला जोर आला. पुढे 2008 मध्ये अमेरिकेतल्या अनेक महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांची प्रवेशाच्या वेळची आणि शेवटच्या वर्षाची राजकीय मतं मारियानी आणि ह्युइट या अभ्यासकांनी ताडून पाहिली. प्राध्यापकवर्ग कोणत्या विचारांचा आहे याचा आणि विद्यार्थ्यांच्या मतांतल्या बदलाचा त्यांना संबंध सापडला नाही. हे आश्चर्याचं नाही. उघड मांडलेलं मत हे मत आहे एवढं मुलाला कळतं. घरी गेल्यावर वडील त्याच्या उलट बोलतात, मित्र तिसरंच काही सांगतो आणि मोबाइल दहा गोष्टी दाखवतो. मूल तुलना करतं, कधी हसण्यावारी नेतं, कधी मुद्दाम विरुद्ध बाजू घेतं.

न बोललेल्या मतापुढे मात्र मुलाकडे असा कोणताच उपाय नसतो. याचा शोध घेणारा सर्वांत गाजलेला प्रयोग रॉबर्ट रोझेंथल आणि लेनोर जेकबसन यांचा. त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका प्राथमिक शाळेत 1964 मध्ये मुलांची बुद्धिमापन चाचणी घेतली आणि शिक्षकांना काही नावं दिली: या मुलांची येत्या वर्षात झपाट्याने प्रगती होण्याची लक्षणं आहेत. खरं तर ही साधारण एकपंचमांश मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती. पुढच्या चाचणीत पहिलीतल्या या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी 27 गुणांनी वाढलेला दिसला. वर्गातल्या बाकीच्यांचा 12 ने. 1968 मध्ये पुस्तक निघालं आणि शिक्षकाच्या नुसत्या अपेक्षेने मुलाची बुद्धी वाढते असा डंका जगभर पिटला गेला. हा दावा जसाच्या तसा घेता येणार नाही. दुसरीच्या वर गेल्यावर फरक जवळपास नाहीसा होत होता आणि लहान मुलांसाठी वापरलेली चाचणीच भरवशाची नाही अशी कडक टीका रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी लगेच केली होती. 1984 मध्ये स्टीफन रॉडनबुश यांनी अशा 18 प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला आणि एक उलगडा झाला. शिक्षक मुलांना दोन आठवड्यांहून जास्त काळ ओळखत असेल, तर बाहेरून सांगितलेल्या खोट्या माहितीचा परिणाम शून्याच्या जवळ जातो. याचा एक अर्थ दिलासा देणारा आहे: शिक्षक डोळे मिटून कोणाचंही ऐकत नाही. दुसरा अर्थ तितकाच महत्त्वाचा आहे. शिक्षकाचं मुलाबद्दलचं मत पहिल्या दोन आठवड्यांत तयार होतं, आणि एकदा तयार झालं की नवी माहिती त्याला फारसा धक्का लावू शकत नाही. जूनमध्ये शाळा उघडल्यापासून महिनाअखेरपर्यंत कोण हुशार आणि कोण ढ हे ठरून गेलेलं असतं.

हे मत मुलापर्यंत पोहोचतं कसं, यात कोणतीही जादू नाही. मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासिकेने वर्गातल्या संवादांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एका सेकंदाच्या आसपास थांबत होते; तेवढ्यात उत्तर आलं नाही की प्रश्न दुसऱ्याकडे. आणि हा एक सेकंदही सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नव्हता. जी मुलं शिक्षकाच्या लेखी वरच्या फळीतली, त्यांच्यासाठी शिक्षक जवळजवळ दुप्पट वेळ थांबत. थांबण्याचा वेळ तीन सेकंदांवर नेला तेव्हा उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. विचार करा, ज्या मुलाला उत्तर जुळवायला सर्वांत जास्त वेळ हवा, त्यालाच सर्वांत कमी वेळ मिळतो, आणि मग त्याला येत नाही हे शिक्षकाला रोज नव्याने पटतं. मुलांना हे कळत नाही असं समजू नये. इस्रायलमध्ये एलिशा बाबाद यांनी शिक्षकांच्या चित्रफितींचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे काढले. त्यात फक्त शिक्षक दिसत होता, ज्याच्याशी तो बोलत होता तो विद्यार्थी दिसत नव्हता. हे तुकडे न्यूझीलंडमधल्या दहा वर्षांच्या मुलांना दाखवले, ज्यांना हिब्रूचा एक शब्दही कळत नव्हता. तरीही समोर चांगला विद्यार्थी आहे की कच्चा, हे त्या मुलांनी ओळखलं. भुवई, मान, आवाजाचा चढउतार एवढं पुरेसं होतं. जो विद्यार्थी वर्षभर रोज सहा तास तो चेहरा पाहतो, त्याला स्वतःबद्दलचं मत किती स्पष्ट वाचता येत असेल.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. ली जसिम यांच्यासारखे संशोधक म्हणतात, की शिक्षकाचं मत आणि मुलाचे गुण जुळतात ते मुख्यतः शिक्षकाची पारख बरोबर असते म्हणून. अनुभवी शिक्षकाला कोणतं मूल कुठे अडतंय ते दिसतं. त्याला पूर्वग्रह म्हणणं हा त्या माणसावर अन्याय आहे. जसिम आणि हार्बर यांनी 2005 मध्ये साऱ्या पुराव्याचा आढावा घेऊन सांगितलं, की अपेक्षेमुळे भाकीत खरं ठरण्याचा परिणाम खरा असला तरी तो सामान्यतः लहान असतो. मला हे मान्य आहे. पण त्याच आढाव्यात त्यांनी हेही नोंदवलं, की समाजाने ज्यांना आधीच कमी लेखलंय अशा गटांतल्या मुलांवर हा परिणाम जास्त प्रबळ असू शकतो. सरासरी लहान आहे म्हणून निश्चिंत राहणं त्या मुलांच्या जिवावर होतं. शिवाय पारख बरोबर की पूर्वग्रह, हे वेगळं काढण्याची एक सरळ युक्ती आहे. अमेरिकेत दहावीतल्या एकाच विद्यार्थ्याबद्दल त्याच्या दोन शिक्षकांना विचारलेलं होतं, की हा किती शिकेल. गर्शेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये ही उत्तरं तपासली. तोच कृष्णवर्णीय मुलगा, त्याच वर्षी. पण तो पदवी घेईल असं वाटण्याची शक्यता कृष्णवर्णीय नसलेल्या शिक्षकाच्या बाबतीत सुमारे 30 टक्क्यांनी कमी होती. मूल एकच असेल तर दोन पारखी एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत.

मुलींच्या गणिताबद्दलचा पुरावा तर वाचून अस्वस्थ व्हायला होतं. इस्रायलमध्ये व्हिक्टर लाव्ही आणि एडिथ सँड यांनी प्राथमिक शाळेतले शिक्षकांनी दिलेले गुण आणि नाव न पाहता तपासलेल्या परीक्षेतले गुण शेजारी ठेवले. काही शिक्षक मुलग्यांना गणितात झुकतं माप देत होते. अशा शिक्षकांच्या हाताखालून गेलेल्या मुली पुढे गणितात मागे पडल्या आणि माध्यमिक शाळेत वरच्या पातळीचं गणित घेण्याचं त्यांचं प्रमाणही घटलं. इटलीत मिकेला कार्लाना यांना हेच दिसलं: ज्या गणित शिक्षकांच्या मनात मुलगी आणि गणित यांची सांगड बसत नव्हती, त्यांच्या वर्गात मुलगे आणि मुलींमधली दरी वाढली, आणि मुलींनी पुढे सोप्या वाटेच्या शाळा निवडल्या. यात वाईट हेतूचा प्रश्नच येत नाही. शिकागोच्या सियान बायलॉक आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ज्या शिक्षिकांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती, त्यांच्या वर्गातल्या मुलींमध्ये वर्षअखेर मुलगे गणितात हुशार असतात ही समजूत वाढलेली आढळली. वर्षाच्या सुरुवातीला तसं नव्हतं. या बाईंनी वर्गात असं एक वाक्यही उच्चारलं नसेल.

आपल्या देशात हेच मत जातीच्या रूपाने येतं. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी भारतात परीक्षा घेऊन उत्तरपत्रिकांच्या पहिल्या पानावर मुलाचं वय, लिंग आणि जात मुद्दाम चिठ्ठ्या टाकून लिहिली आणि त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. उत्तरं त्याच दर्जाची असूनही खालच्या समजल्या गेलेल्या जातीचं नाव असलेल्या पत्रिकेला थोडे कमी गुण मिळाले. फरक लहान होता. पण 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातला दुसरा निष्कर्ष जास्त विचार करायला लावतो: हा भेदभाव वरच्या जातींच्या तपासनीसांकडून नव्हे, तर स्वतः खालच्या समजल्या गेलेल्या जातींतून आलेल्या तपासनीसांकडून झाला होता. समाजाने तुमच्याबद्दल धरलेलं मत तुमच्या स्वतःच्या मनात घर करतं आणि मग तुमच्याच हातून पुढच्या पिढीकडे जातं. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी सहावी-सातवीतल्या मुलग्यांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात कोणाला ठाऊक नव्हती तेव्हा दलित मुलं इतरांच्या बरोबरीने सोडवत होती. सर्वांसमोर नाव, गाव आणि जात वाचून दाखवली, की त्यांची कामगिरी घसरली. आता आपल्याच शाळांकडे पाहा. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला कोणाला बसवायचं, ‘अ’ तुकडीत कोण आणि ‘क’ मध्ये कोण, मॉनिटर कोण, वर्ग कोण झाडणार आणि बाकं कोण उचलणार, स्नेहसंमेलनात निवेदन कोणाकडे आणि पडदा ओढायचं काम कोणाकडे, हे सगळं शिक्षकाचं मतच आहे. आदिवासी वाडीवरून आलेल्या मुलाच्या बोलीवर वर्ग हसतो तेव्हा शिक्षक काय करतो, हेही मत आहे. सवलतींच्या फॉर्मसाठी भरवर्गात जात पुकारून हात वर करायला लावणाऱ्या शिक्षकाच्या मनात बहुधा काहीच वाईट नसतं. पण हॉफ आणि पांडे यांनी जे प्रयोग म्हणून केलं, ते तो शाळेचं काम म्हणून करत असतो.

कोणी म्हणेल, की शिक्षकाच्या मतांनी तर महाराष्ट्र घडला. ती नसती तर कसं झालं असतं? हे खरं आहे आणि ते माझ्याच बाजूचं आहे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांची मतं उघड आणि जहाल होती. त्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे हिने शाळकरी वयात मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यातला संताप तिला शिकवून आलेला नव्हता. तो तिच्या वस्तीत रोज होता. शिक्षकांनी दिली ती एक खात्री, की ही मुलगी विचार करू शकते आणि तिचं म्हणणं लिहून काढण्याइतकं मोलाचं आहे. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे दुसऱ्या शाळेतले शिक्षक. एल्फिन्स्टन हायस्कूलमधल्या भीमराव आंबेडकरांना त्यांनी हेरलं, 1907 मध्ये मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं आणि पुढे बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मिळावी म्हणून खटपट केली. आपल्याला बुद्धाकडे वळवण्यात त्या पुस्तकाचा वाटा होता हे बाबासाहेबांनी स्वतः नोंदवलं आहे. पण केळुसकर बौद्ध नव्हते आणि भीमरावांनी बौद्ध व्हावं म्हणून त्यांनी ते पुस्तक दिलं नव्हतं. एका अस्पृश्य मानलेल्या मुलाकडे पाहून हा वाचेल, समजेल आणि पुढे जाईल एवढं मत त्यांनी बाळगलं, आणि त्या काळी ते मत दुर्मिळ होतं.

म्हणून ‘तटस्थ शिक्षक’ ही मागणी मला अपुरी वाटते. ती सरळ मांडायची तर जर्मनीकडे पाहावं लागतं, कारण शाळेतून झालेल्या मतप्रचाराची किंमत त्या देशाइतकी कोणी मोजली नसेल. 1976 मध्ये बॉयटेल्सबाख या गावी वेगवेगळ्या राजकीय विचारांचे शिक्षणतज्ज्ञ जमले आणि त्यांच्या चर्चेतून जे सूत्र निघालं ते तिथल्या नागरिकशास्त्राचा आधार झालं. शिक्षकाने मुलाला मतांनी दडपू नये. समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच शिकवावं. आणि विद्यार्थ्याला स्वतःची परिस्थिती आणि हित ओळखून विचार करता यावा. शिक्षकाने मत लपवावं असं यात कुठेही नाही. तरीही 2018 मध्ये एएफडी या पक्षाने हाम्बुर्गमध्ये शिक्षकांविरुद्ध तक्रार नोंदवण्यासाठी संकेतस्थळ उघडलं, तेव्हा कारण तटस्थतेचंच दिलं होतं. तटस्थतेचा अर्थ गप्प बसणं असा केला, की तिचा उपयोग शिक्षकाला धाक घालण्यासाठीच होतो. आणि काही बाबतीत गप्प बसणं हेच मत असतं. वर्गात एका मुलाला जातीवरून चिडवलं जात असताना दोन्ही बाजू ऐकून घेणारा शिक्षक तटस्थ नसतो. वैज्ञानिक दृष्टिकोन आणि समता ही आपल्या संविधानाने स्वीकारलेली मूल्यं आहेत. ती शिकवताना शिक्षकाने कचरण्याचं कारण नाही. निवडणुकीत कोणाला मत द्यावं हे मात्र त्याने सांगू नये, आणि मूल विरुद्ध बोललं म्हणून त्याचे गुण कापले तर तो अपराध समजावा.

मग न बोललेल्या मताचं करायचं काय? माणसाच्या मनातून ते आदेश काढून जात नाही. पण त्याला मुलापर्यंत पोहोचण्याच्या वाटा बुजवता येतात. दहावीच्या बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर मुलाचं नाव नसतं, ते याचसाठी. शाळेच्या हातातले अंतर्गत गुण, घटक चाचण्या आणि वहीवरचे शेरे मात्र नाव, चेहरा आणि आडनाव समोर ठेवूनच दिले जातात. आणि मुलांच्या मनात रुजलेली मतं बोलून बदलता येतात, यालाही पुरावा आहे. हरयाणातल्या 314 सरकारी शाळांमध्ये झालेल्या एका प्रयोगात काही शाळांतल्या सातवी-आठवीच्या मुलांशी ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेने अडीच वर्षं स्त्री-पुरुष समतेवर वर्गात चर्चा केल्या. साधारण तीन आठवड्यांतून एकदा, पाऊण तास. नंतर मुलांची मतं समतेकडे सरकलेली आढळली, मुलगे घरकामात थोडा जास्त हात लावत असल्याचं सांगू लागले आणि दोन वर्षांनंतरही हा बदल टिकून होता. तिथे उपदेश नव्हता. जे मत घराघरात न बोलता चालत आलं होतं, ते टेबलावर ठेवून मुलांना त्यावर बोलायला लावलं गेलं.

तुम्ही शिक्षक असाल तर पुढच्या घटक चाचणीच्या पेपरांवरची नावं कागदाने झाकून तपासा आणि मग तुमच्या नेहमीच्या गुणांशी ताडून पाहा. प्रश्न विचारताना हजेरीपटावरचे क्रमांक चिठ्ठ्यांवर लिहून त्यातली चिठ्ठी काढा, आणि ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी मनात तीन मोजेपर्यंत थांबा. मुख्याध्यापक असाल तर शिष्यवृत्तीच्या जादा तासाला ज्याला बसायचंय त्या प्रत्येकाला बसू द्या. पालक असाल तर सरांचा पक्ष कोणता ते विचारण्याआधी एवढंच विचारा, की माझ्या मुलीला या आठवड्यात फळ्यापाशी किती वेळा बोलावलंत.